कप तिचा, बशी माझी

“अहो, चहा करा. दोघांचा करा.”

मालननं आतून हाक मारली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत मशीनवर बसून शर्टाला कॉलर लावत होतो. पाय थांबवला. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तीन महिने बायको अंथरुणाला खिळलेली, त्यात तिनं पाण्याशिवाय आपणहून एक गोष्ट मागितली नव्हती. उशी सरकवा म्हणून नाही की पंखा लावा म्हणून नाही.

पडदा सारून आत गेलो. वैशाखाचा महिना, आमच्या बार्शीचं ऊन, पत्रा तापून खोलीची भट्टी झालेली. मालन पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. केस विंचरलेले होते. कधी विंचरले कोण जाणे.

“दोघांचा कशाला?” मी म्हणालो. “मी घेत नाही, माहीत नाही का तुला?”

“माहीत आहे. दोघांचा करा.”

“आणि तुझं आजचं पाणी?”

“राहिलंय. बघा की भिंतीवर.”

तिच्या किडन्या थकल्या होत्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पाणी, दूध, आमटीचं पाणी, सगळं मिळून दिवसाला चार फुलपात्रं, वर एक घोट नाही. हे काम माझ्यासारख्या माणसाला सांगायलाच नको. तिनं एक फुलपात्र प्यायलं की मी कपड्यावर खुणा करायच्या खडूनं पलंगाशेजारच्या भिंतीवर एक रेघ मारायचो. चार रेघा झाल्या की संपलं, सकाळी पुसून पुन्हा पहिल्यापासून. तहान लागली म्हणून रडली तरी मी ओला रुमाल ओठांवर ठेवायचो, पाणी द्यायचो नाही.

त्या दिवशी दुपारचे चार वाजत आले होते आणि भिंतीवर रेघ होती एकच.

“सकाळपासून पाणी नाही प्यायलीस? ह्या उन्हात?”

“गोळीपुरतं प्याले. बाकीचं चहाला राखलं.”

मला काय वाटलं सांगू? कौतुक वाटलं. म्हटलं, बघा, आपल्या संगतीत राहून हिलाही संयम जमायला लागला. असा मी शहाणा.

मी किती शहाणा होतो हे कळायला तुम्हाला माझ्याबरोबर जरा काशीला यावं लागेल.

त्याच्या साडेतीन वर्षं आधी आमच्या अर्चनाचं लग्न पार पडलं आणि जबाबदारी संपली म्हणून आम्ही दोघं यात्रेच्या बसनं काशीला गेलो. बस आमच्याच गावच्या उदगीरकर गुरुजींनी काढली होती. माणसं साठ. सगळी ओळखीची. भांड्याचं दुकान असलेला माझा दोस्त तात्या बारबोले शेजारच्याच सीटवर. गंगेचं स्नान झालं, आणि घाटाच्या पायऱ्यांवर गुरुजींनी सगळ्यांना बसवलं.

“काशीला आलात,” गुरुजी म्हणाले, “तर रीतीप्रमाणे एक फळ, एक भाजी इथं सोडून जायची. मग आयुष्यात तोंडाला लावायची नाही. बघा बरं, नीट विचार करून सोडा.”

आता आमची माणसं विचार करून काय सोडतात, ते तुम्हाला माहीत आहे. पहिला तात्या उठला. “कारलं!” म्हणाला. सगळे हसले. तात्यानं जन्मात कारलं खाल्लं नव्हतं. मग कोणी दोडका सोडला, कोणी पपई, एका बाईनं शेपू. मालननं फणस सोडला. बार्शीत फणस येतो किती आणि आम्ही खातो किती!

मला त्या हसण्याचा संताप आला. देवाच्या दारात येऊन देवाला फसवता? मी उठलो. गंगेकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणालो, “मी चहा सोडला.”

घाटावरचं हसणं थांबलं. शिंप्यानं चहा सोडला! दिवसाला सात-आठ कप पिणारा माणूस मी. कोणीतरी म्हणालं, “वा!” मग दुसरं कोणी म्हणालं. तात्यानं कपाळाला हात लावला. “एकनाथा, तू माणूस नाहीस बाबा, महाराज आहेस.” आणि माझ्या छातीत असं काही गरम गरम भरून आलं, की सकाळचा पहिला चहा त्यापुढे काहीच नाही.

मालन माझ्याकडे बघत होती. हातात ओल्या लुगड्याची पिशवी. बसमध्ये बसल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मला विचारायचं तरी.”

“तुला काय विचारायचं त्यात? तुझा चहा मी कुठं बंद केलाय? तू पी की.”

तिनं ओल्या लुगड्याची पिशवी मांडीवर घेतली.

आता आमच्या घरातल्या चहाचं सांगतो. आम्ही दोघंही शिंपीकाम करायचो. मी मशीनवर, मालन माझ्या पायाशी चटईवर, काज-बटण आणि हातशिलाई तिच्याकडे. सकाळी आठपासून मशीनची धडधड सुरू. त्या आवाजात माणूस काय बोलणार? “दोरा द्या”, “कात्री कुठंय”, एवढंच. दुपारी चार वाजले की ती उठायची, गवती चहा घालून चहा करायची, आणि मी मशीन थांबवायचो. लग्न झालं तेव्हा घरात धड कपबशी एकच होती, गुलाबी फुलांची. ती कपात प्यायची, मला बशीत ओतायची. पुढं घरात डझनभर कप आले, पण चारचा चहा त्याच कपबशीत. कप तिचा, बशी माझी.

त्या पंधरा-वीस मिनिटांत मालन बोलायची. दिवसभर टाके घालता घालता जे मनात साठवलेलं असायचं ते सगळं. गल्लीत कोणाला दिवस गेले, स्वप्नात तिची आई कशी आली, अर्चनाच्या सासूचा आवाज फोनवर कसा येतो. मी बशी फुंकत “हं, हं” करायचो. कधी ती हसायची आणि चहा लुगड्यावर सांडायचा.

काशीहून आल्यावर पहिल्या दिवशी चारला तिनं चहा केला. एकटीचा. चटईवर येऊन बसली. मी मशीन थांबवलं नाही. कशाला थांबवू? मला चहा घ्यायचा नव्हता. ती काहीतरी सांगत होती, मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. चारेक दिवस तिनं तसं केलं. मग कप घेऊन आत बसायला लागली. मग कधी करायचा बंद केला, मला आठवत नाही. माझं लक्षच नव्हतं.

माझं लक्ष होतं माझ्याकडे. चहा सुटला आणि मला सोडण्याची चटक लागली. आधी साखर गेली. मग सोमवारी मीठ गेलं. गादी गेली, चटई आली. पहाटे उठून जप सुरू केला. गिऱ्हाइकं यायची, म्हणायची, “हिरवे टेलर म्हणजे घरात राहून संन्यासी.” मी मान खाली घालून माप घ्यायचो, आणि आत लोण्याचा गोळा विरघळायचा. जिभेचे लाड बंद केले म्हणून मी मिरवत होतो, आणि ह्या दुसऱ्या लाडाची मला शुद्धच नव्हती. मालन माझ्यासाठी वेगळं अळणी रांधायची. एकदा म्हणाली, “अहो, तुम्हाला वाढताना आता परक्या माणसाला वाढल्यासारखं वाटतं.” मी ते कौतुक समजलो.

तर असा मी, आणि त्या दुपारी मालन मला म्हणत होती, दोघांचा चहा करा.

मी केला. मला चहा करता येत नव्हता. ती पलंगावरून सांगत होती, आधी पाणी, मग गवती चहा, उकळू द्या, आता दूध. म्हणाली, “ती फुलांची कपबशी काढा.” फळीवर मागे गेलेली, धुळीनं भरलेली. धुतली, कप भरला आणि तिच्यापुढं स्टुलावर ठेवला.

“तुमचा बशीत ओता.”

मी ओतला. हातांना सवय होती, एक थेंब सांडला नाही. तिनं बशी माझ्याकडे सरकवली.

“घ्या.”

“मालन, अगं काशीत सोडलेलं आहे.”

“एक दिवस.”

“एक दिवस मोडलं तरी मोडलंच ना?”

“मग काय होईल?”

खरंच, काय होईल? देव काय बार्शीत येऊन माझी बशी बघणार होता? पण साडेतीन वर्षांचं सोनं होतं माझ्याकडे, ते एका घोटात मातीत घालायला जीव होईना. आणि समोर ती बसलेली, डोळे खोल गेलेले, ओठ सुकून पांढरे पडलेले, आणि तरी तिनं कपाला हात लावलेला नव्हता. माझी वाट बघत होती.

“असं करतो,” मी म्हणालो, “गुरुजींना विचारून येतो. काही प्रायश्चित्त असलं तर ते करू आणि मग घेऊ. पाच मिनिटांत आलो.”

“अहो, बसा. गार होईल.”

“परत गरम करू की!”

आणि मी चपला घालून बाहेर पडलो. भर उन्हात, जवळजवळ पळत.

उदगीरकर गुरुजींचं घर तीन गल्ल्या पलीकडे. गुरुजी झोपले होते. त्यांची सून म्हणाली, “उठवू का?” मी म्हणालो, “छे छे, नको. मोठ्या माणसाची झोप मोडू नये. मी बसतो.” आणि बसलो ओट्यावर. अर्धा तास. पाऊण तास म्हणा. तिथं बसून मी काय केलं माहीत आहे? जप केला. तिकडे बायको सकाळपासून तहानेनं कोरडी, कपापुढं बसलेली, आणि इकडे मी परक्याच्या ओट्यावर डोळे मिटून जप करतोय.

गुरुजी उठले, चूळ भरून बाहेर आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, “वहिनी घरी एकट्याच आहेत?”

“हो.”

“आणि चहा करून ठेवून आलात?”

“हो. परवानगी असली तर...”

“हिरवे,” गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम चढला, “मी तुम्हाला एक फळ, एक भाजी सांगितली होती. चहा सोडा म्हणून कोणी सांगितलं होतं? उठा! पळा आधी घरी. कसलं प्रायश्चित्त घेऊन बसलात!”

मी पळालो. वाटेत मला हलकं वाटत होतं, हे कबूल करतो. परवानगी मिळाली होती. आता माझ्यावर काही दोष नव्हता.

घरी आलो तर मालन तशीच बसलेली. कप तसाच भरलेला. बशीतल्या चहावर साय धरून सुरकुतली होती आणि एक माशी कडेकडेनं फिरत होती.

“अगं, तू का नाही घेतलास?”

“एकटीनं घ्यायचा असता तर इतके दिवस घेतलाच असता की.”

“गुरुजी हो म्हणाले. चालतंय. थांब, गरम करून आणतो.”

“नको.”

“अगं आता कसलीच आडकाठी नाही...”

“नको म्हटलं ना.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती भिंतीकडे बघत होती, त्या एका रेघेकडे. “तुम्ही काशीत चहा सोडलाच नाही हो. चारची वेळ सोडलीत. ती काय तुमची एकट्याची होती?”

मी उभा राहिलो. पायातल्या चपला काढायच्या राहिल्या होत्या.

“दिवसभर धडधड ऐकायची,” ती म्हणाली, “ती चारला थांबायची म्हणून. तुम्हाला सोडायचंच होतं तर तुमचं काहीतरी सोडायचं होतं.” मग म्हणाली, “पाणी द्या आता. ते राहिलंय माझं.”

मी फुलपात्र भरून दिलं. दोन्ही हातांनी धरून तिनं ते घटाघटा संपवलं. मग दुसरं मागितलं, तेही. मी खडू उचलला आणि तसाच खाली ठेवला. भिंतीवर रेघ मारवेना, त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. रोज चारला मी मशीन थांबवायचो, पडद्याआडून विचारायचो, “मालन, करू का?” ती मान हलवायची, नको. सहाव्या दिवशी मान हलवणंही थांबलं. बाराव्या दिवशी सकाळी गेली. शेवटी तोंडात गंगेचं पाणी घातलं, काशीहून आणलेलं. तेही गालावरून ओघळून गेलं.

दहाव्याला आम्ही गावाबाहेरच्या ओढ्यावर गेलो. पिंड मांडला, सगळे दूर सरकले. वडाच्या झाडावर कावळे होते, तीन-चार. एकही खाली येईना.

अर्चना पुढं झाली, हात जोडून म्हणाली, “आई, अण्णांकडे मी बघेन. तू काळजी करू नकोस.” कावळे जागचे हलले नाहीत. तात्या म्हणाला, “वहिनी, एकनाथाला मी रोज जेवायला नेईन, उपाशी राहू देणार नाही.” काही नाही. अर्धा तास गेला. ऊन डोक्यावर आलं. माणसं हळूहळू माझ्याकडे बघायला लागली. नवऱ्याला माहीत असणार, हिचं कशात अडकलंय.

मला माहीत होतं. मी तात्याला म्हणालो, “रस्त्यावरच्या गाड्यावरून चहा आण.”

तात्या लगेच निघाला. काचेचा ग्लास घेऊन आला. मी तो हातात घेतला, पिंडासमोर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “मालन, हे बघ. काशीत सोडलेलं तुझ्यासाठी परत घेतलं.” आणि प्यालो. जीभ भाजली तरी सगळा प्यालो.

बायका रडायला लागल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “बायकोसाठी व्रत मोडलं! वा, माणूस असावा तर असा.”

आणि माझ्या मेल्याच्या छातीत तेच गरम गरम भरून आलं. घाटावर आलं होतं तेच, तंतोतंत. मालनच्या पिंडापुढं उभा राहून मी पुन्हा मिरवत होतो. तेव्हा पहिल्यांदा मी स्वतःला पकडलं. चोराला ऐन घरफोडीत पकडावं तसं. ग्लास हातातून ओढ्यात टाकावासा वाटला, पण तेही चार लोकांनी बघितलं असतं.

कावळा नाहीच आला. झाडावर बसून चोच साफ करत राहिला. शेवटी क्रिया करणाऱ्या गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिवला. “चालतं असंही,” ते म्हणाले.

परत येताना तात्या म्हणाला, “अरे उन्हाचे येत नाहीत ते कधीकधी. मनाला लावून घेऊ नकोस.”

असेल. उन्हाचंही असेल. पण तिच्या जागी मी असतो, तर मीही आलो नसतो.

घरी सगळे जेवले, इकडे तिकडे आडवे झाले. चार वाजले. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, कडी लावली. आधी पाणी, मग गवती चहा, उकळू दिलं, मग दूध. फुलांच्या कपात गाळला. बशीत ओतला. ओट्याला टेकून खाली बसलो आणि बशी फुंकली. कोणी बघत नव्हतं. कोणी वा म्हणणार नव्हतं. चहा घशाखाली उतरला आणि मग मला रडू आलं. दहा दिवसांत आलं नव्हतं, ते तोंडात पदर कोंबून रडतात तसं उपरणं कोंबून रडलो, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

याला आता चौदा वर्षं झाली. चटई सोडली, गादीवर झोपतो. मीठ खातो. सोमवारचा उपास तेवढा करतो, कारण तो आजवर कोणाला माहीत नव्हता. नवीन काही सोडावंसं वाटलं, किंवा खावंसं वाटलं, की स्वतःला एकच विचारतो: कोणी बघत नसतं तर केलं असतंस का रे, एकनाथा? पुष्कळदा उत्तर लाज आणणारं येतं. आत्ता हे तुम्हाला सांगतानासुद्धा माझं अर्धं लक्ष छातीकडे आहे.

चहा दिवसातून एकदाच घेतो. चारला मशीन थांबवतो. मशीन थांबलं की घर फार शांत होतं, मालनला ती साडेतीन वर्षं ह्या वेळेला बोलायला कोणी नव्हतं म्हणजे काय, ते तेव्हा कळतं. भिंतीवरची खडूची ती एक रेघ अजून आहे. घराला रंग दिला तेव्हा तेवढी जागा सोडून द्यायला सांगितली. त्या भिंतीशी बसतो. बशीतला चहा गरम असतो, तो फुंकून पितो. कप तिच्या बाजूला ठेवतो आणि गल्लीतलं काय काय कानावर आलं ते सांगतो.

पाऊण तासानं कप गार होतो. साय धरते. मग तोही मीच पितो.